भूल उतरते, वायू वरच राहतो

पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, पेशंट शुद्धीवर आला, दोन दिवसांत घरी गेला, आठवड्याने टाकेही निघाले. ती भूल डेसफ्लुरेनची असेल, तर तो वायू मात्र अजून आकाशात आहे. वातावरणात त्याचा मुक्काम सरासरी १४ वर्षांचा. आयसोफ्लुरेन साधारण साडेतीन वर्षं टिकतो, सेव्होफ्लुरेन दोन वर्षांच्या आत विरतो. सगळ्यांत चिवट आहे तो नायट्रस ऑक्साइड, म्हणजे आपला जुना ‘लाफिंग गॅस’. त्याचा मुक्काम शंभराहून जास्त वर्षांचा.

लंडनचे भूलतज्ज्ञ हेन्री बॉइल यांनी त्यांचं प्रसिद्ध भुलीचं मशीन १९१७ मध्ये वापरात आणलं. आपल्याकडच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, आजही कितीतरी जण त्याला ‘बॉइल्स’च म्हणतात. त्या पहिल्या वर्षी त्या मशीनमधून बाहेर पडलेल्या नायट्रस ऑक्साइडपैकी सुमारे एक तृतीयांश वायू आजही आपल्या डोक्यावर आहे.

भुलीच्या वायूंची ही बाजू ओटीच्या दाराबाहेर फारशी आलेली नाही. यायला हवी, कारण त्यावरचे बरेच उपाय फुकट आहेत आणि पेशंटच्या सुखात त्यांनी तसूभरही फरक पडत नाही.

शरीर घेतं किती? जवळजवळ शून्य

गोळी पोटात गेली की यकृत तिचं काहीतरी करतं, मूत्रपिंडं तिला बाहेर काढतात. भुलीचे वायू असे पचत नाहीत. फुप्फुसातून रक्तात, रक्तातून मेंदूत, आणि काम झालं की त्याच वाटेने परत. हॅलोथेन या जुन्या वायूचा सुमारे पाचवा हिस्सा यकृतात मोडायचा, आणि त्याचा त्रास काही पेशंटांच्या यकृताला व्हायचा. म्हणून पुढे असे वायू शोधले गेले जे शरीरात फारसे मोडत नाहीत. सेव्होफ्लुरेन तीन ते पाच टक्के मोडतो, आयसोफ्लुरेन ०.२ टक्के आणि डेसफ्लुरेन फक्त ०.०२ टक्के.

पेशंटसाठी ही मोठी सोय झाली. पण आत गेलेला वायू जवळजवळ जसाच्या तसा बाहेर येतो, याचा अर्थ तो कुठेतरी जातो. ओटीतल्या डॉक्टर-नर्सच्या नाकात जाऊ नये म्हणून तो नळीने ओढून घेतात आणि इमारतीबाहेर, बहुधा गच्चीवर, सोडून देतात. गाळणी नाही, भट्टी नाही. थेट आभाळ.

अंटार्क्टिकात ऑपरेशन कुणाचं?

स्वित्झर्लंडच्या एम्पा या संस्थेतल्या मार्टिन फोल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. आल्प्समधलं साडेतीन हजार मीटर उंचीवरचं युंगफ्राउयोख, उत्तर प्रशांत महासागर, अंटार्क्टिकातलं कोरियाचं किंग सेजोंग केंद्र अशा ठिकाणची हवा त्यांनी तपासली. डेसफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन आणि वापरातून जवळपास गेलेला हॅलोथेनसुद्धा त्या हवेत सापडला.

प्रमाण अगदी सूक्ष्म. हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे डेसफ्लुरेनचा एक रेणूसुद्धा भरत नाही, ०.३ भरतो. तरी तो मोजता आला. आणि तो इस्पितळातूनच आला, याबद्दल शंकाच नाही, कारण या रेणूंचा निसर्गात दुसरा कोणताही उगम नाही. फ्रिजमध्ये, एसीत, कारखान्यात ते वापरत नाहीत. माणसाला (आणि जनावरांना) भूल देणं एवढंच त्यांचं काम. बर्फाळ खंडावर सापडलेला त्यांचा प्रत्येक रेणू कुठल्यातरी शहरातल्या, कुठल्यातरी ऑपरेशन टेबलापासून निघालेला आहे.

तापण्याचं गणित

पृथ्वी आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने अवकाशात टाकत असते. यातल्या काही तरंगलांबी पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अडवत नाहीत, तिथून उष्णता सुटून जाते. शास्त्रज्ञ याला वातावरणाची खिडकी म्हणतात. भुलीच्या वायूंमधले कार्बन-फ्लोरिनचे बंध नेमके याच खिडकीत उष्णता शोषतात. म्हणून ते थोडे असूनही भारी पडतात.

किती भारी? शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो डेसफ्लुरेन सुमारे २,५९० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो. आयसोफ्लुरेन ५३९, नायट्रस ऑक्साइड २७३, सेव्होफ्लुरेन १९५. हे आकडे आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या सहाव्या अहवालातले आहेत.

पण खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक वायूची मात्रा वेगळी असते. सेव्होफ्लुरेन दोन टक्के पुरतो, आयसोफ्लुरेन सव्वा टक्का, तर डेसफ्लुरेन सहा टक्के लागतो. म्हणजे जो सर्वांत जास्त तापवतो, तोच सर्वांत जास्त वापरावा लागतो. भुलीचं औषध वाहून नेणारा ताजा वायू मिनिटाला एक लिटर धरून एका तासाच्या भुलीचा हिशेब मांडू या, आणि मोटार किलोमीटरला १७० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते असं धरू.

सेव्होफ्लुरेन: तासाला १० ग्रॅम, म्हणजे दोन किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा. मोटारीने दादरहून सांताक्रूझ.

आयसोफ्लुरेन: साडेपाच ग्रॅम, तीन किलोच्या तोडीचा. दादर ते जोगेश्वरी.

डेसफ्लुरेन: २५ ग्रॅम, ६५ किलोच्या तोडीचा. मुंबई ते कोल्हापूर.

पेशंट तोच, ऑपरेशन तेच, वेळ तीच. शिवाय सोबत साठ टक्के नायट्रस ऑक्साइड चालू ठेवला, तर त्याचे शंभरेक किलोमीटर वेगळे.

उन्हाळ्यात आपसूक उकळणारं औषध

भुलीच्या मशीनवर द्रवरूप औषधाची वाफ करणाऱ्या पेट्या असतात, व्हेपोरायझर. रंगावरून ओळखायच्या: पिवळी सेव्होफ्लुरेनची, जांभळी आयसोफ्लुरेनची, लाल हॅलोथेनची, निळी डेसफ्लुरेनची. बाटलीचं तोंडही असं घडवलेलं की एकाचं औषध दुसऱ्याच्या पेटीत भरताच येऊ नये.

यांत निळ्या पेटीला वीज लागते. डेसफ्लुरेन २३ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळायला लागतो. नागपूरचा मे महिना सोडाच, पुण्याच्या डिसेंबरातल्या दुपारीही तो उघड्या भांड्यात टिकायचा नाही. म्हणून त्याची पेटी ३९ अंशांवर तापवून, दाबाखाली ठेवावी लागते. हा वायू १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आला. त्याचं आकर्षण एकच: पेशंट पटकन शुद्धीवर येतो. लठ्ठ पेशंट, लांबलेलं ऑपरेशन, अशा वेळी भूलतज्ज्ञांना तो आवडायचा. पण त्याचा वास उग्र, श्वासनलिकेला झोंबणारा. लहान मुलांना मास्कने भूल देताना तो चालत नाही, तिथे गोडसर वासाचा सेव्होफ्लुरेनच लागतो.

एका बटणाची करामत

आता उपायांकडे. सर्वांत मोठा उपाय मशीनच्या फ्लोमीटरवर, म्हणजे ताज्या वायूचा प्रवाह ठरवणाऱ्या बटणावर, आहे आणि त्याची किंमत शून्य रुपये आहे.

भुलीत असलेल्या मोठ्या माणसाला मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन पुरतो. पाव लिटर! तरी कित्येक ठिकाणी फ्लोमीटर दोन, चार, कधी सहा लिटरवर चालू असतो. हा ताजा वायू व्हेपोरायझरमधून जातो आणि सोबत भुलीचं औषध घेऊन जातो. जितका प्रवाह मोठा, तितकं औषध जास्त. पेशंटला लागतं त्यापलीकडचं सगळं, पेशंटला न शिवता, गच्चीवरून बाहेर. नळ सताड सोडून एक तांब्या भरावा, तसंच हे.

‘लो फ्लो’ म्हणजे हा प्रवाह एक लिटर किंवा त्याखाली आणायचा. मग पेशंटने सोडलेलाच श्वास पुन्हा त्याच्याकडे फिरवायचा, फक्त त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून. ते काम सोडालाइमचं. मशीनच्या कडेला पारदर्शक डबा असतो, त्यात पांढऱ्या जाडसर दाण्यांचा थर. हा चुना कार्बन डायऑक्साइड खातो आणि त्यात उष्णता निर्माण होते, डब्याला हात लावला तर कोमट लागतो. दाणे संपत आले की जांभळे होत जातात. भूलतज्ज्ञ आणखी एक गोष्ट सांगतात: मशीन रात्रभर बंद राहिलं की दाणे कधीकधी पुन्हा पांढरे दिसू लागतात, पण ते ताजे झालेले नसतात. म्हणून रंग बघायचा तो केस चालू असताना.

ही कल्पना नवी अजिबात नाही. लंडनच्या जॉन स्नो यांनी, म्हणजे ज्यांनी १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला आणि पुढच्याच वर्षी कॉलऱ्याचा उगम ब्रॉड स्ट्रीटच्या पंपात शोधला त्यांनी, १८५० च्या सुमारास कॉस्टिक पोटॅश वापरून सोडलेला श्वास परत फिरवून पाहिला होता. राल्फ वॉटर्स यांनी १९२० च्या दशकात अमेरिकेत ही पद्धत रुळवली. तेव्हा कारण पैशाचं होतं, औषध महाग होतं. आज महाराष्ट्रातल्या छोट्या नर्सिंग होममध्येही सेव्होफ्लुरेनची बाटली जपून वापरतात, ती याच कारणाने. पैसा वाचवण्याची ती सवय हवामानाच्याही कामी येते.

मग सगळे लो फ्लो का करत नाहीत? एक कारण जुन्या भीतीचं. सेव्होफ्लुरेन आणि सोडालाइम यांच्या संयोगातून ‘कंपाउंड ए’ नावाचं रसायन बनतं, ते उंदरांच्या मूत्रपिंडांना घातक ठरलं. त्यामुळे प्रवाह दोन लिटरखाली नेऊ नये असा इशारा अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकात छापला गेला. माणसांत तसा अपाय दिसला नाही, नवीन प्रकारच्या चुन्यात तर ते रसायन जवळपास बनतच नाही. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये कमी प्रवाह सुरक्षित असल्याचं स्पष्ट केलं. दुसरं कारण जास्त खरं आहे: प्रवाह कमी करायचा तर पेशंटच्या श्वासात ऑक्सिजन किती, भुलीचा वायू किती, हे दाखवणारा मॉनिटर हवा. तो नसेल तिथे लो फ्लोचा आग्रह धरणं चूक. तालुक्याच्या ठिकाणी आधी मॉनिटर पोचला पाहिजे, मग उपदेश.

एक छोटी युक्ती मात्र कुठेही चालते. घशात नळी घालताना मास्क बाजूला असतो, त्या मिनिटभरात वायू उगाच खोलीत वाहत असतो. तेवढ्यापुरता ताजा प्रवाह बंद करायचा. बस्स.

निळ्या सिलिंडरचं रहस्य

या सगळ्या विषयातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा आणि सर्वांत आशा देणारा भाग निळ्या सिलिंडरात येणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचा आहे.

एकटा नायट्रस ऑक्साइड पूर्ण भूल देऊच शकत नाही. त्यासाठी हवेच्या साध्या दाबाला त्याचं प्रमाण १०४ टक्के लागेल, जे शक्यच नाही. तो जोडीला वापरायचा वायू आहे, वेदना कमी करणारा. त्याने उलट्या-मळमळ वाढते म्हणून अनेक भूलतज्ज्ञांनी तो सोडलाय, ऑक्सिजनसोबत साधी वैद्यकीय हवा वापरतात. म्हणजे वापर घटला. मग खरेदीही घटायला हवी ना?

हाच प्रश्न एडिंबराच्या परिसरात, स्कॉटलंडच्या लोथियन आरोग्य विभागात, आलिफिया चाकेरा या फार्मासिस्टने विचारला. त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले: इस्पितळाने किती नायट्रस ऑक्साइड विकत घेतला आणि ओटीत पेशंटांना प्रत्यक्षात किती दिला गेला. नव्वद टक्क्यांहून जास्त वायू कुठल्याही पेशंटपर्यंत पोचलाच नव्हता. मॅनिफोल्ड खोलीत, जिथे मोठे सिलिंडर रांगेने पाइपांना जोडलेले असतात, तिथून निघून, भिंतींमधल्या पाइपांतून, सांध्यांतून, जुन्या व्हॉल्व्हमधून तो गळत होता. वर्षानुवर्षं. पुढे ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या इस्पितळांनी तपासलं, तिथेही थोड्याफार फरकाने तेच चित्र.

इतकी वर्षं कळलं कसं नाही? यामागे साधं भौतिकशास्त्र आहे. ऑक्सिजनचा सिलिंडर संपत येतो तसा दाबाचा काटा खाली येतो. नायट्रस ऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. थोडा वायू गेला की द्रवातून नवा वायू तयार होतो, दाब तेवढाच. वीस अंशांना काटा ५१ बारच्या आसपास थांबलेला असतो, तो अगदी शेवटचा द्रव संपेपर्यंत. मग एकदम घसरतो. काट्यावरून किती शिल्लक ते कळतच नाही, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवावा लागतो. वायूला रंग नाही, गंध अगदी पुसट. मॅनिफोल्डवर एक रांग संपली की दुसरी आपोआप सुरू होते, रिकामी रांग पुरवठादार बदलून जातो, बिल लेखा विभागात जातं. ओटीतल्या कुणालाही काही जाणवत नाही.

आता आकडा बघा. तीस किलो नायट्रस ऑक्साइड गळून गेला, तर तो सुमारे ८,२०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा. मघाचीच मोटार घेतली तर ४८ हजार किलोमीटर. पृथ्वीला विषुववृत्तावरून एक फेरी ४० हजार किलोमीटरची. म्हणजे कुणाच्याही नाकाला न लागलेल्या तीस किलो वायूत पृथ्वीप्रदक्षिणा होऊन वर प्रवास उरतो.

उपायही तितकाच सोपा. मुख्य पाइपलाइन बंद करायची. ज्या ओटीत लागतो, तिथे मशीनच्या पाठीला छोटा निळा सिलिंडर लावायचा, वापर झाला की त्याचा व्हॉल्व्ह आवळायचा. अमेरिकेच्या भूलतज्ज्ञ संघटनेने २०२४ मध्ये हीच शिफारस केली: पाइपलाइन बंद करा, छोटे सिलिंडर वापरा. पेशंटला मिळणारं औषध तेच, डॉक्टरच्या हाताशी तेच.

आपल्याकडे याची तयारी नाही असं कुणी म्हणू नये. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रातल्या इस्पितळांनी ऑक्सिजनचं ऑडिट केलं, खपाचा आणि गळतीचा हिशेब मांडला. तोच हिशेब निळ्या सिलिंडरांचा मांडायचा. गेल्या वर्षीची बिलं आणि ओटीच्या नोंदी, इतकं सामान पुरतं.

ओझोनचं जुनं देणं

नायट्रस ऑक्साइड दुसरीकडूनही घाव घालतो. म्हैसूर विद्यापीठात शिकलेले ए. आर. रविशंकरा यांनी अमेरिकेत सहकाऱ्यांबरोबर केलेलं संशोधन २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं: एकविसाव्या शतकात ओझोनचा थर विरळ करणाऱ्या उत्सर्जनांत नायट्रस ऑक्साइड पहिल्या क्रमांकावर आहे. १९८७ च्या माँट्रियल करारात तो नाही. न्यायाने हेही सांगायला हवं की माणसामुळे निघणारा बहुतेक नायट्रस ऑक्साइड शेतातून येतो, युरियासारख्या खतांवर जमिनीतले जिवाणू काम करतात तेव्हा. इस्पितळांचा वाटा लहान. पण शेतातला थांबवणं फार अवघड, पाइपातला थांबवायला एक पाना पुरतो.

ज्यांनी बंद केलं

अमेरिकेतल्या येल न्यू हेवन इस्पितळाने २०१३ मध्ये डेसफ्लुरेन बंद केला आणि वर्षाला दहा लाख डॉलरहून जास्त वाचवले. स्कॉटलंडने मार्च २०२३ मध्ये तो देशभर थांबवला, असं करणारा तो जगातला पहिला देश. वाचलेलं उत्सर्जन १,७०० घरांच्या वर्षभराच्या विजेइतकं. इंग्लंड पाठोपाठ आलं. युरोपीय संघाच्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून डेसफ्लुरेनवर बंदी आहे, वैद्यकीय कारणाने दुसरा पर्यायच नसेल तेवढी सूट ठेवून. या सगळ्या ठिकाणी शस्त्रक्रिया चालूच आहेत.

वायूशिवाय भूल

प्रोपोफॉल ठाऊक असेल: शिरेतून देतात ते दुधासारखं पांढरं औषध. पांढरेपणा येतो सोयाबीनच्या तेलामुळे आणि अंड्यातल्या लेसिथिनमुळे. सिरिंज पंपाने ते चालू ठेवून पूर्ण ऑपरेशन वायूशिवाय होतं. २०१२ च्या एका अभ्यासात त्याचा हवामानावरचा भार डेसफ्लुरेन आणि नायट्रस ऑक्साइडपेक्षा जवळजवळ दहा हजार पटींनी कमी निघाला, आणि तोही मुख्यतः पंपाच्या विजेचा. पण प्लॅस्टिकच्या सिरिंज आणि नळ्या वाढतात, आणि उरलेलं औषध बेसिनमध्ये ओतलं तर पाण्यातल्या जिवांना बाधतं. मोठी कुपी फोडून अर्धी फेकण्यापेक्षा लहान कुप्या मागवाव्यात.

कमरेतलं इंजेक्शन तर त्याहून जुनं. आउगुस्ट बिअर यांनी १८९८ मध्ये जर्मनीतल्या कील इथे ते पहिल्यांदा यशस्वी केलं. आपल्याकडची बहुतेक सिझेरियन आज अशीच होतात, आई जागी असते, बाळाचा पहिला टाहो स्वतः ऐकते.

झेनॉन हा आदर्श वायू म्हणता येईल: भूल उत्तम, तापवणं शून्य. हवेतूनच काढतात. फक्त हवेच्या एक कोटी भागांत तो एक भागही नसतो, त्यामुळे किंमत आवाक्याबाहेर.

स्वीडनने बाळंतपणात वापरलेला नायट्रस ऑक्साइड गोळा करून त्याचे नायट्रोजन आणि ऑक्सिजन असे तुकडे करणारी यंत्रं इस्पितळांत बसवली. कॅनडा आणि जर्मनीत सुटलेला वायू कोळशासारख्या शोषकात अडकवण्याच्या खटपटी झाल्या. एका तपासणीत दिलेल्या डेसफ्लुरेनपैकी जेमतेम पाव हिस्सा हाती लागला. आधीच कमी सोडणं हे नंतर पकडण्यापेक्षा कधीही बरं.

एवढ्याशाने काय होणार?

हा प्रश्न रास्त आहे, म्हणून आकडाच देते. फोल्मर यांच्या अहवालानुसार २०१४ मध्ये डेसफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन आणि हॅलोथेन मिळून जगभरातून ३१ लाख टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचं उत्सर्जन झालं, त्यातला ८० टक्के वाटा डेसफ्लुरेनचा. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातला ५०० मेगावॉटचा एक संच वर्षभर जोमाने चालला तर ढोबळमानाने तेवढंच सोडतो. जगाच्या एकूण उत्सर्जनात हा वाटा लाखात सहा. भुलीचे वायू बंद करून हवामान सुधारेल असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही.

पण चंद्रपूरचा संच बंद केला तर वीज जाते. डेसफ्लुरेन बंद केला तर काय जातं? एखादा पेशंट काही मिनिटं उशिरा डोळे उघडतो. आणि इस्पितळाच्या आतून पाहिलं तर हा आकडा लहान उरत नाही: ब्रिटनच्या मोठ्या इस्पितळांच्या उत्सर्जनात भुलीच्या वायूंचा वाटा सुमारे पाच टक्के मोजला गेला होता. नुसत्या भुलीतून इतकं. उष्माघाताचे, दम्याचे, डेंग्यूचे पेशंट ज्या दारातून आत येतात, त्याच इमारतीच्या गच्चीवरून हे निघतं, आणि ते थांबवणं त्याच इमारतीतल्या माणसांच्या हातात आहे.

ऑपरेशनला जाणाऱ्या माणसाने याची काळजी स्वतःवर घेऊ नये. भूल कोणती, हे भूलतज्ज्ञाने पेशंटचं वय, हृदय, फुप्फुसं बघूनच ठरवायचं. फार तर ऑपरेशनआधीच्या तपासणीत विचारावं, ‘डॉक्टर, कमरेत किंवा हातापुरतं इंजेक्शन देऊन होईल का?’ नाही म्हणाले तर नाही.

विचारायला हवं ते इस्पितळं बांधणाऱ्यांना. महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत नवी वैद्यकीय महाविद्यालयं उभी राहताहेत. त्यांच्या आराखड्यांत ऑक्सिजन, हवा, व्हॅक्यूम यांच्या पाइपांशेजारी सवयीने नायट्रस ऑक्साइडचाही पाइप आखला जातो. तो आखलाच नाही तर तांब्याचा खर्च वाचतो, मॅनिफोल्ड खोलीतली जागा वाचते आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांची गळती सुरूच होत नाही. हे काम पेन्सिलीचं आहे आणि ते भिंतीला प्लॅस्टर लागण्याआधी करावं लागतं.